थंडीत घनदाट जंगलात एकट्याने एक रात्र: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की सोलापुरात हुरड्याचे बेत सुरू होतात आणि माझ्याकडे जंगलात मुक्काम करण्याबद्दलची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीचशी एकट्याने जाण्याबद्दलची आहेत. सगळी छापता येणार नाहीत, त्यातली सहा घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: काका नमस्कार. मी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे, वय 27. ग्रुपबरोबर सात-आठ किल्ले केलेत, पण ग्रुपमध्ये रात्रभर स्पीकर आणि गप्पा, जंगल कधी ऐकूच आलं नाही. या जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की एक रात्र घनदाट झाडीत एकट्यानं टेंट लावून काढायचीय. मित्र म्हणतात येडा झालास का बे. टेंट आहे, स्लीपिंग बॅग ऑनलाइन मागवलीय, त्यावर 5 डिग्री लिहिलंय. आई घाबरेल म्हणून घरी अजून सांगितलं नाही. कुठं जाऊ, आणि थंडी झेपेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: आधी आईचं बोलू. घरी सांग बाळा. एकट्यानं जायला माझी अजिबात हरकत नाही, मी स्वतः गेली वीसेक वर्षं दर हिवाळ्यात एक तरी रात्र अशी काढतो, आणि तू जंगल ऐकायचंय म्हणालास ना, ते एकट्यालाच ऐकू येतं हे खरंय. पण एकटं जाणं वेगळं आणि कुणाला पत्ता न लागू देता जाणं वेगळं. झाडीत पाय मुरगळला तर ते दोन दिवसांचं दुखणं असतं, पण तू कुठं आहेस हेच कुणाला माहीत नसेल तर तेच दुखणं जिवावर बेतू शकतं. एका कागदावर लिहून दे: गाव कुठलं, टेंट साधारण कुठं, गावातल्या कुणाचा नंबर, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. वेळ नक्की लिही, "दुपारपर्यंत" असं मोघम नको, "11 वाजता" असं लिही. एक प्रत आईकडं, दुसरी ज्याच्या घरी गाडी लावशील त्याच्याकडं. अडचणीत 112 लावायचा, पण दाट झाडीत रेंज नसते हे धरूनच चालायचं, म्हणून कागद.

आता कुठं. आपल्या सोलापूरच्या आजूबाजूला माळरान आहे, घनदाट जंगल नाही, त्यासाठी सह्याद्रीकडं जावं लागणार, म्हणजे कोयना, चांदोली, राधानगरी-दाजीपूर, आंबोली हा पट्टा. इथं एक गोष्ट नीट समजून घे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या आत मनाला येईल तिथं टेंट लावणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, राधानगरी अभयारण्यातही तेच. साध्या राखीव वनातसुद्धा परवानगीशिवाय घुसणं आणि आग पेटवणं चालत नाही, तो कायदा तर 1927 चा आहे. व्हिडिओत पोरं बिनधास्त झोपलेली दिसतात म्हणून ते चालतं असं नसतं. मग उरतात दोन रस्ते. एक, वनखात्यानं नेमून दिलेल्या मुक्कामाच्या जागा, तिथं रीतसर बुकिंग करायचं. दुसरा मला जास्त आवडतो, जंगलाला लागून असलेल्या गावात एखाद्याची मालकीची झाडी असते, देवराईच्या बाहेरची, त्या मालकाला विचारून तिथं राहायचं. त्या घरी संध्याकाळी चहा घ्यायचा, पैसे द्यायचे, आणि "सकाळी आठला येतो परत" असं सांगून निघायचं. गावापासून चालत अर्धा तास पुष्कळ झाला. अर्ध्या तासावर जंगल तितकंच दाट असतं आणि रात्र तितकीच काळी.

थंडीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सोलापूरच्या माणसाला थंडीचा अंदाज नसतो, आपल्याला 42-43 डिग्रीत काय करायचं ते पाठ आहे. आपल्याकडं जानेवारीत रात्री पारा 14-15 वर आला तरी आपण कानटोपी काढतो. साधा हिशेब असा की हजार मीटर वर गेलं की साडेसहा डिग्रीच्या आसपास तापमान उतरतं, म्हणून वाटतं की आंबोली म्हणजे जेमतेम 700 मीटर, तिथं काय एवढं. पण उंचीपेक्षा जास्त फरक तू नेमका कुठं झोपतोस त्यानं पडतो. महाबळेश्वरची बातमी दर हिवाळ्यात वाचतोस ना, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले म्हणून? त्याच रात्री वर गावात पारा कितीतरी डिग्री वर असतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगट जागेत, ओढ्याकाठी, तळ्याकाठी साचते. त्यामुळं ओढ्याकाठची सपाट मऊ जागा संध्याकाळी कितीही छान दिसली तरी ती रात्रीची सगळ्यात गार जागा असते, शिवाय ओलसर, आणि जनावरांची पाण्यावर यायची वाटही तीच. उताराच्या मधल्या टप्प्यावर, झाडांच्या खाली, थोडी सपाटी बघ. झाडांचा मांडव डोक्यावर असला की जमिनीची ऊब सरळ आभाळात जात नाही आणि दवही कमी पडतं. फक्त टेंट लावायच्या आधी मान वर करून बघ, वाळकी फांदी लटकलेली नाही ना, आणि आग्या मोहोळ नाही ना.

हे मला पुस्तकात वाचून नाही कळलं. 2003 चा जानेवारी, पाटण तालुक्यातलं एक गाव, मालकाला विचारून त्याच्या रानात गेलेलो, जांभूळ नि अंजनीची गच्च झाडी. जागा घेतली ओढ्याकाठी. अंगाखाली पातळ सतरंजी, अंगावर दोन चादरी, टेंटची चेन थंडी येऊ नये म्हणून वरपासून खालपर्यंत गच्च बंद. साडेतीनला जाग आली ती पाठ ओली झाल्यासारखी वाटली म्हणून. हात लावून बघितलं तर सतरंजी कोरडीच होती, नुसती गार, पण इतकी गार की ओली वाटावी. टेंटच्या कापडाला बोट टेकवलं तर पाण्याचा ओघळ बोटावरून मनगटापर्यंत आला. तो सगळा माझाच श्वास होता, रात्रभर सोडलेला, बाहेर जायला वाट नाही म्हणून कापडाला चिकटलेला. पायाकडची चादर त्या भिंतीला टेकून भिजली होती. बाहेर पडावं म्हणून बूट घातले आणि लेस बांधायला गेलो तर गाठ बसेना. बोटं दिसत होती, हलत होती, पण ऐकत नव्हती. तेव्हा मी घाबरलो. बरोबर छोटा स्टोव्ह होता, टेंटच्या बाहेर बसून कसाबसा पेटवला, गूळ घालून पाणी उकळलं, दोन ग्लास प्यालो, कोरडा स्वेटर घातला आणि उजाडेपर्यंत उभ्यानं हातपाय हलवत राहिलो. त्या रात्री पारा 10 च्या आसपास असेल, जास्त नाही. ओलं अंग आणि 10 डिग्री एवढं पुरतं.

त्यातून तीन गोष्टी घे. पहिली, थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली असतो तो दबून चपटा होतो, त्यातली हवा जाते, मग तो काही कामाचा राहत नाही. म्हणून जाड फोमची मॅट घे, दहा मिलिमीटरची तरी, त्यावर घरातली योगा मॅट टाकलीस तर फारच उत्तम. बॅगेवर तीन हजार घालून मॅटवर दोनशे घालणारी पोरं मी दरवर्षी बघतो, त्यांनी ते उलटं केलं तर जास्त गाढ झोपतील. आणि तो 5 डिग्रीचा आकडा कम्फर्टचा आहे का लिमिटचा ते लेबलवर शोध. कम्फर्ट म्हणजे आरामात झोप येईल तो आकडा, लिमिट म्हणजे मुटकुळं करून रात्र निघेल तो, आणि एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोप नाही. एकच आकडा छापला असेल आणि कशाचा ते लिहिलं नसेल तर त्यात पाच डिग्री वाढवूनच धर.

दुसरी, टेंटच्या वरच्या खिडक्या उघड्या ठेव, जाळी मात्र बंद. थोडी गार हवा आत आली तरी चालेल, ओलावा बाहेर गेला पाहिजे. झोपायचे कपडे वेगळे आणि पूर्ण कोरडे, मोज्यांसकट. ज्या कपड्यात चाललास त्यात घाम असतो, ते घालून झोपू नकोस, कितीही कोरडे वाटले तरी.

तिसरी गोष्ट एकट्यानं जाणाऱ्यालाच लागू आहे. अंगाचं तापमान 35 डिग्रीच्या खाली गेलं की डोकं आधी मंद होतं, आणि मंद झालंय हे त्या डोक्याला कळत नाही. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं अरे हा बरळतोय बघा, एकट्याला सांगणारं कुणी नसतं. म्हणून रात्री जाग आली की अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघायचा, दोन्ही हातांचा. सहज लागला तर झोप परत. लागत नसेल तर विचार करत बसायचं नाही, लगेच उठायचं, गोड खायचं, गरम प्यायचं, कोरडं घालायचं, आणि तरी कुडकुडणं थांबत नसेल तर गाव गाठायचं. यात कमीपणा काही नाही. वाट दिवसा दोनदा चालून ठेवलेली असली की रात्री हेडलॅम्पवर जमते.

आणि वेळेचं बघ. 22 डिसेंबरच्या आसपास आपल्याकडं रात्र तेरा तासांची असते, जानेवारीतही फार कमी होत नाही. दाट झाडीत साडेपाचलाच अंधारून येतं. म्हणजे टेंट चारला उभा पाहिजे, पाचला जेवण, आणि मग नुसतं बसणं. या बसण्याची तयारी कुणी करत नाही. पहिला तासभर मन सैरभैर होतं, मोबाईलकडं हात जातो, दर पानाच्या आवाजाला काळीज उडतं. वाळक्या पानांवरनं उंदीर गेला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येतो. तो तास जाऊ दे, टॉर्च सारखा मारू नकोस. मग हळूहळू आवाज वेगळे होतात, रातव्याचं चक चक चक, लांब कुठंतरी घुबड, मध्येच भेकर भुंकतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कुत्रंच वाटतं. यासाठीच तर चाललायस ना तू.

एवढं करून लगेच जानेवारीत तिकडं जाऊ नकोस. आधी एक रात्र घरच्या गच्चीवर टेंट लाव, मग एखाद्या नातेवाइकाच्या शेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या पसरून त्यावर मॅट टाकून बघ, खालची ऊब काय असते ते एका रात्रीत कळेल. तिथं झोप लागली तर जा.

प्रश्न: आमचा यंत्रमागाचा घरचा धंदा. स्लीपिंग बॅगवर पैसे घालण्यापेक्षा आपल्या सोलापुरी चादरी दोन-तीन नेल्या तर का चालणार नाही? आमचे आजोबा मळ्यात उघड्यावर चादरीवरच झोपायचे. (अक्कलकोट रोड)

उत्तर: तुमच्या चादरीबद्दल मला काय प्रेम आहे ते तुम्हाला सांगायला नको, माझ्या घरात आजही पांघरूण म्हणजे तेच. भौगोलिक मानांकन उगीच नाही मिळालं तिला. जॅकार्डवर विणलेली जाड सुताची चादर, दुहेरी विणीत हवा धरून ठेवते, म्हणून आजोबांना मळ्यात पुरली. पण मळा कोरडा होता. आपल्या भागातली हिवाळ्याची हवाच कोरडी असते, दव पडलं तरी उन्हं वर आली की चादर वाळते. सह्याद्रीच्या दाट झाडीत हवा ओलसर असते आणि सूत पाणी पितं. हातात धरून बघा, कोरडी चादर आणि दवात भिजलेली चादर, वजनातच फरक लागतो. सुती धाग्यात पाणी भरलं की हवेला जागा राहत नाही, मग ती चादर तुमची ऊब धरायची सोडून ओढून घ्यायला लागते. वर पाटणची गोष्ट सांगितली, त्यातल्या दोन्ही चादरी सोलापुरीच होत्या, त्यांचा दोष नव्हता, त्यांना चुकीच्या जागी मी नेलं.

म्हणून अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, वर बॅग, आणि चादर न्यायचीच असेल तर मॅट आणि बॅगेच्या मध्ये अंथरा, किंवा संध्याकाळी बसताना खांद्यावर घ्या. तिथं तिच्यासारखं दुसरं काही नाही. बॅग विकत घेणं जड जात असेल तर पुण्या-कोल्हापुरात भाड्यानं मिळतात, एका रात्रीसाठी तेच बरं.

प्रश्न: माझी मुलगी 24 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिला एकटीनं जंगलात राहायला जायचंय. मी नको म्हटलं तर म्हणते मुलगा असता तर नको म्हणाली असतीस का. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीच सांगा काय करू. (बार्शी)

उत्तर: ताई, तिनं तुम्हाला सांगितलं हीच मोठी गोष्ट आहे. वरच्या पत्रातल्या पोरानं घरी सांगितलं नव्हतं, तुमच्या मुलीनं सांगितलंय. नको म्हणालात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि न सांगता गेलेली मुलगी सांगून गेलेल्या मुलीपेक्षा जास्त धोक्यात असते. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. थंडी आणि जनावरं दोघांना सारखीच, पण माणसांची भीती मुलीला जास्त असते हे खरंय, ते तिच्याशी उघड बोला. तिला विचारा: टेंट कुठल्या घराच्या हद्दीत आहे, त्या घरात बायका आहेत का, तू आधी एकदा दिवसा जाऊन त्यांना भेटून आलीस का. या तिन्हीची उत्तरं तिच्याकडं असतील तर तिनं माझ्यापेक्षा चांगली तयारी केलीय असं समजा. रस्त्यावरून दिसेल अशा जागी टेंट लावायचा नाही, आणि "आज इथं आहे" असा फोटो त्याच दिवशी टाकायचा नाही, दोन दिवसांनी टाकायचा. पहिल्या वेळी तुम्ही तिच्याबरोबर जा आणि त्या घरी झोपा, ती मागच्या झाडीत झोपेल. तुम्हालाही ते घर, ती माणसं दिसतील. पुढच्या वेळी तुम्ही बार्शीत झोपू शकाल.

प्रश्न: शेकोटी नाही तर कॅम्प कसला? आणि थंडी फारच असेल तर टेंटमध्ये छोटी कोळशाची शेगडी ठेवली तर? (होटगी रोड)

उत्तर: टेंटमध्ये शेगडी कधीही नाही. कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, झोपेतच माणूस जातो. गॅसचा स्टोव्हसुद्धा बंद टेंटमध्ये पेटवायचा नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर थंडीत येतात, त्या वाचून मला दर वेळी वाटतं की हे एवढं एक वाक्य घराघरात पोचायला हवं होतं. त्याऐवजी झोपायच्या आधी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावून उलटी करून बघा गळत नाही ना, तिच्यावर जाड मोजा चढवा आणि पायाशी घ्या. पहाटेपर्यंत कोमट राहते, आणि सकाळी प्यायला तेच पाणी.

शेकोटीचं म्हणाल तर जंगलात मी पेटवत नाही. हिवाळ्यात खाली वाळक्या पानांचा थर असतो, एक ठिणगी उडाली आणि वारा लागला तर वणवा आवरणारे तुम्ही एकटेच असता. मालकाच्या अंगणात चूल असते, तिथं शेकून घ्या, मग झाडीत जा.

प्रश्न: बिबट्या, साप यांचं काय? करमाळ्यात झालं ते आठवून अंगावर काटा येतो. (मोहोळ)

उत्तर: डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही, आणि ते झालं शेतशिवारात, घनदाट जंगलात नाही. बिबट्या सहसा उभ्या माणसापासून लांब राहतो, म्हणून रात्री बाहेर आलात तर वाकून, बसून काही करू नका, उभे राहा, हेडलॅम्प चालू ठेवा, दोन शब्द मोठ्यानं बोला. सह्याद्रीत मला बिबट्यापेक्षा गव्याची जास्त काळजी असते, आठ-नऊशे किलोचं जनावर, वाटेत अचानक समोर आलं आणि बिथरलं तर आपल्याला जागा नाही. त्याच्या मळलेल्या वाटेवर टेंट लावायचा नाही, खुरांचे ठसे आणि ताजं शेण बघून कळतं, गावातला माणूस तर लगेच सांगेल. खाणं टेंटमध्ये ठेवू नका, लांब फांदीला टांगा, रानडुकराला शेंगदाण्याचा वास लगेच लागतो.

सापांबद्दल एक गैरसमज आहे की थंडीत साप नसतात. कमी दिसतात, पण घोणस थंडीतही फिरते, तिचा जोडीचा काळच हा, आणि पाचोळ्यात ती दिसत नाही. मण्यार रात्रीची, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून टेंटची जाळी पूर्ण बंद, बूट आत, आणि पहाटे घालायच्या आधी झटकायचे. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, चावलेला भाग न हलवता 108 ला फोन आणि प्रतिविष जिथं आहे त्या दवाखान्यात. रेंज नसेल तर आधी गाव, तिथून गाडी, आणि एकटे असलात तरी पळत सुटायचं नाही, सावकाश चालायचं. आता तुम्हाला कळेल मी अर्ध्या तासाचा आग्रह का धरतो.

अजून एक, याबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आंबोली-सावंतवाडी-दोडामार्ग बाजूला 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा मोसम नेमका थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत असतो. पाचोळ्यावर उघडं बसू नका, पँट मोज्यात खोचा, परत आल्यावर अंग नीट तपासा, आणि आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहून आलोय हे आपणहून सांगा. कुठं माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याच्या 1926 नंबरवर कळवा.

प्रश्न: मी शाळेत शिक्षक आहे. सह्याद्री लांब पडतो, टेंट वगैरे सामान नाही. सोलापूरच्या जवळपास रात्र रानात काढायचा काही रीतसर मार्ग आहे का? आणि खायला काय न्यावं? (उत्तर सोलापूर)

उत्तर: सर, आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ते दाट जंगल नाही, गवताळ माळ आहे, माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट झालीय, पण काळवीट, लांडगा, खोकड अजून आहेत. तिथं टेंट लावता येत नाही. पण वनखातं बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणं बांधून प्राण्यांची गणना करतं, त्यात सामान्य माणसांना नाव नोंदवून बसता येतं. एका मचाणावर दोन-तीन जण, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही, आलेलं जनावर वहीत लिहायचं. थंडी नसते, मे महिना असतो, पण रात्रभर गप्प बसायची सवय इथं जितकी चांगली लागते तितकी कुठंच नाही, आणि चांदण्यात पाण्यावर आलेला लांडगा एकदा बघितला की माणूस पुढं महिनाभर तेच बोलतो. एप्रिलमध्येच वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करून ठेवा, जागा मोजक्या असतात.

खाण्याचं तर आपल्याला बाहेर बघायलाच नको. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ. कडक भाकरीत पाणीच नसतं म्हणून आठवडाभर खराब होत नाही, चूल लागत नाही, आणि शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, थंडीत अंग गरम ठेवायला हेच लागतं, झोपायच्या अर्धा तास आधी मूठभर खाल्ले की रात्र सोपी जाते. मचाणावर मात्र एक करा, भाकरी घरूनच चुरून, तेल-चटणी लावून डब्यात न्या. माळावरच्या शांततेत कडक भाकरी मोडल्याचा आवाज पाणवठ्यापर्यंत जातो, मी स्वतः बघितलंय, पाण्याला तोंड लावलेलं खोकड तेवढ्यानं मान वर करून निघून गेलं आणि परत आलं नाही.